आधी आवाज मोजू या

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘आवाज’. विषय ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर भोंगा आला असेल. गेल्या काही वर्षांत आवाज म्हटलं की भोंगा, भोंगा म्हटलं की मशीद आणि मशीद म्हटलं की राजकारण अशी साखळीच तयार झाली आहे. आज त्या साखळीची शेवटची कडी बाजूला ठेवू आणि पहिली हातात घेऊ. आवाज म्हणजे काय, कानात गेल्यावर त्याचं काय होतं आणि किती झाला की तो कान बिघडवतो, एवढंच समजून घेऊ. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कानाचा डॉक्टर नाही, आलिमही नाही. पण आमच्या कामात एक सवय लागते. प्रोग्राम हळू चालतो अशी तक्रार आली की आधी किती सेकंद लागतात ते मोजायचं, चूक कुणाची ते नंतर बोलायचं. आवाजाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. भांडण आधी सुरू होतं आणि मोजायचं राहूनच जातं.

तर सुरुवातीपासून पाहू. टाळी वाजवली की दोन हातांमधली हवा एकदम दाबली जाते. ती शेजारच्या हवेला ढकलते, ती पुढच्या हवेला. हवा स्वतः तुमच्यापर्यंत येत नाही, धक्का येतो. नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत टोकाच्या माणसाला हलकासा धक्का बसला, तर तो दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. माणसं मात्र आपापल्या जागीच असतात. आवाज असाच प्रवास करतो. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेतला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे एक किलोमीटर जायला जवळपास तीन सेकंद. दोन मशिदींनी एकाच क्षणी अजान सुरू केली, तरी लांबची तुमच्याकडे मागाहून पोहोचते, ती यामुळेच.

हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी लिहिलं होतं की वस्तू आपटल्याने किंवा फाटल्याने हवेत जी लाट उठते तिच्यामुळे आवाज होतो. त्यांच्याही आधी ग्रीकांनी हवेच्या हालचालीचा विचार केला होता. ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. एकाने विचार मांडला, दुसऱ्याने पुढे नेला आणि मग कुणीतरी तो तपासला. १६६० मध्ये रॉबर्ट बॉइल यांनी काचेच्या भांड्यात घड्याळ टांगलं आणि पंपाने आतली हवा काढत नेली. घड्याळ डोळ्यांना चालताना दिसत होतं, पण टिकटिक ऐकू येईनाशी झाली. हवा परत सोडली, टिकटिक परत आली. वाद मिटला. माझ्या दृष्टीने वारसा म्हणतात तो हा: विचार करायचा आणि तो तपासायचा.

सेकंदाला किती कंपनं होतात यावर आवाजाची पट्टी ठरते. ढोलाची कंपनं कमी, शिट्टीची जास्त. तरुण, निरोगी कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनं, म्हणजे २० ते २०,००० हर्ट्झ, ऐकू येतात. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. गाण्यांच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने का घेतात माहीत आहे? कोणतंही कंपन नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात आणि २०,००० ची दुप्पट होते ४०,०००. थोडक्यात, तो आकडा यंत्राने ठरवला नाही, माणसाच्या कानाने ठरवला.

आता कानात शिरू. बाहेरच्या नळीतून आवाज कानाच्या पडद्यावर येतो आणि पडदा थरथरतो. त्याच्या मागे तीन इवलीशी हाडं आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं होती हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ती, उर्दूतली रकाब. आपल्या शरीरातलं हे सगळ्यात छोटं हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ही हाडं कशाला हवीत? कारण पुढे आतल्या कानात पाण्यासारखा द्रव आहे आणि हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळपास सगळाच परत फिरतो. विहिरीत डुबकी मारली की काठावरची बडबड ऐकू येत नाही, तसं. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या साधारण १७ पट आहे. मोठ्या जागेवरचा जोर छोट्या जागेवर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते आणि दाब सुमारे २२ पट वाढतो. त्या जोरावर आवाज आतल्या द्रवात शिरतो.

हा द्रव शंखासारख्या वळणदार नळीत असतो. अडीच वेढे असलेली ही नळी सरळ केली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आतल्या पट्टीवर प्रत्येक स्वराची जागा ठरलेली आहे. बारीक, उंच स्वर तोंडापाशी आणि खालचे स्वर टोकापाशी. आवाजाची लाट या पट्टीवरून कशी धावते हे शोधणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पट्टीवर केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. त्यांना केसपेशी म्हणू. लाट आली की तंतू वाकतात आणि त्याची विजेची खूण मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते. एका कानात अशा पेशी किती? आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी पिक्सेल असतात. इथे आईचा आवाज, सतारीची तार, गर्दीत कुणी मारलेली हाक, हे सगळं पंधरा-सोळा हजार पेशींवर चाललेलं असतं. या पेशी जन्माआधीच तयार होतात आणि पुन्हा कधीच तयार होत नाहीत. त्वचा भरून येते, हाड जुळतं. कोंबडीच्या पिल्लाच्या कानातल्या केसपेशीही मेल्यावर नव्याने उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. गेलेली पेशी गेलीच.

आता गणिताकडे येतो. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर पुढची ठेवा.

तरुण कान ऐकू शकतो त्या सगळ्यात मंद आवाजाचा दाब, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाच अब्ज भागांपैकी एका भागाएवढा असतो. कान दुखायला लागतो त्या आवाजाची ऊर्जा या मंद आवाजाच्या एक लाख कोटी पट असते. एवढी प्रचंड श्रेणी एकाच इंद्रियात बसवायची, तर साध्या मोजपट्टीचं काम नव्हे. म्हणून कान पटीत ऐकतो आणि आवाज मोजायचं एकक, डेसिबल, तेही पटीतच चालतं. डेसिबल १० ने वाढले की ऊर्जा १० पट होते. २० ने वाढले की १०० पट, ३० ने वाढले की १,००० पट. तीन डेसिबलची वाढ म्हणजे ऊर्जा दुप्पट.

आपल्याला मात्र तसं जाणवत नाही. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. वाटतं दुप्पट, असतं दहापट. साउंड सिस्टिमच्या स्पर्धेचं मूळ यातच आहे. समोरच्या मंडळाकडे दोन स्पीकर आहेत म्हणून आपण चार आणले, तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला थोडासाच फरक कळतो. दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर दोनचे वीस करावे लागतील. म्हणून भिंती चढत जातात, वर्गणी चढत जाते, तरी पोरांचं समाधान होत नाही. केसपेशीला मात्र ‘वाटणं’ कळत नाही. तिच्यावर पूर्ण ऊर्जा आदळते.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, ही मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ११० ला दीड मिनिट. आता आपला जुलूस आठवा, हळदीची रात्र आठवा, वरात आठवा. स्पीकरच्या भिंतीपुढे १०० डेसिबल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही आणि तिथे आपण पंधरा मिनिटं नाही, तासन्‌तास नाचत असतो. ट्रॉलीवर, अगदी स्पीकरला टेकून, सात-आठ वर्षांची पोरं बसवलेली असतात. दिवसभराचा कोटा त्यांनी पहिल्या गल्लीतच संपवलेला असतो.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते, दडे बसतात आणि मग सगळं ठीक होतं. पूर्वी शास्त्रज्ञांनाही बरंचसं तसंच वाटत होतं. २००९ मध्ये बॉस्टनमध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना काही काळ मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही जिवंत होत्या. पण त्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले बरेच जोड कायमचे तुटले होते. शांत खोलीतल्या चाचणीत कान पास होतो, पण खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या तारा कमी झालेल्या असतात. त्यामुळे शिट्टी थांबली म्हणजे कान बरा झाला, असं समजू नका.

गोंगाटाने कान जातो तेव्हा पहिला घाव बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. नेमका तिथला आवाज आपल्याला व्यंजनं ओळखायला लागतो. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, फ, थ ही अक्षरं वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात. ‘साल’ आणि ‘शाल’ यांतला फरक तिथेच आहे. म्हणून असा माणूस ‘ऐकू येत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ऐकू येतं, पण लोक नीट बोलत नाहीत.’ घरचे त्याच्यावर ओरडतात, तो घरच्यांवर चिडतो. हळूहळू तो लग्नाकार्यात जाणं टाळतो, मिटिंगमध्ये गप्प बसतो. कान जातो तेव्हा आधी माणसं तुटतात.

जुलूस वर्षातून एकदा येतो. इयरफोन रोज असतो. लोकलमध्ये, बसमध्ये बाहेरचा गोंगाट झाकावा म्हणून आपण आवाज वाढवतो आणि उतरल्यावर कमी करायला विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे जगातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांचे कान धोक्यात आहेत. या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर २०१९ मध्ये जे मानक आणलं, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे. ८० ऐवजी ९० वर ऐकलं तर ४० तासांचे किती उरले? चार. गणित तेच, दहापट.

आता भोंगा. बाजूला ठेवला होता तो आता मोजायला घेऊ.

समजा, एका भोंग्याचा आवाज एक मीटरवर ११० डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने कमी होतो. अंतर दहापट झालं की वीसने. म्हणजे १० मीटरवर ९० आणि १०० मीटरवर ७०. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त असू नये आणि काहीही झालं तरी ७५ च्या वर जाऊ नये. परवानगी लागते ती वेगळीच आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद ठेवायचे असतात. शिवाय भोंग्याचा कर्णा ज्या पट्टीत सर्वांत जोरात वाजतो, त्याच पट्टीत आपला कानही सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून तो टोचतो.

आता सांगा, भोंग्यापासून १० मीटरवर कुणाचं घर असतं? बहुतेक मोहल्ल्यांत ते आपलंच असतं. तिथे रात्रपाळी करून झोपलेला रिक्षावाला असतो, बारावीची पोरगी असते, बाळंतीण असते, ऑपरेशन झालेली दादी असते. त्यांनी तक्रार केली तर त्यांच्या इमानावर बोट ठेवलं जाईल, म्हणून ती गप्प असतात. कुणी बोलत नाही, याचा अर्थ कुणाला त्रास होत नाही असा होत नाही.

अजान चौदाशे वर्षांची आहे. आज आपण वापरतो त्या प्रकारचा लाउडस्पीकर १९२५ चा, राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी इंजिनिअरांनी घडवलेला. या यंत्राचा नमाजमध्ये वापर करावा की नाही, यावर आपल्याच उलेमांनी गेल्या शतकात बराच खल केला होता. त्यामुळे भोंग्याचं बटण कमी केलं म्हणजे धर्म कमी झाला, असं होत नाही. २०२५ मध्ये मुंबईतल्या काही मशिदींनी मोबाइल ॲपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. सूरा लुकमानमध्ये लुकमान आपल्या मुलाला जी नसीहत देतात, तिच्यात आवाज खाली ठेवण्याची गोष्टही आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मशिदीच्या आत गंमत आणखी वेगळी आहे. खुतबा नीट कळत नाही म्हणून ट्रस्टी आवाज वाढवतात. सिमेंटचं छत, फरशी, काच, टाइल्स, सगळीकडून आवाज उलटून येतो. पहिला शब्द घुमत असतानाच दुसरा येतो आणि सगळं एकमेकांत मिसळतं. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं, शब्द काही सुटा होत नाही. हार्वर्ड विद्यापीठातलं एक व्याख्यान सभागृह असंच घुमत होतं. १८९५ च्या सुमारास वॉलेस सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, तिथे मांडल्या आणि किती गाद्यांना घुमणं किती कमी होतं ते मोजलं. इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांनी घातला गेला. आपल्याकडेही उपाय तोच. जाड गालिचा, पडदे आणि एका मोठ्या स्पीकरऐवजी चार छोटे, माणसांच्या जवळ, कमी आवाजात. बायकांची सोय वेगळ्या खोलीत असेल तर तिथेही एक. मोठ्या भोंग्यापेक्षा याने खुतबा जास्त कळेल.

मग नेहमीचा प्रश्न येतो. ‘फक्त आमचंच का दिसतं? त्यांचं डीजे, त्यांचे फटाके?’ प्रश्न खोटा नाही. नियम एकालाच लावला तर तो अन्यायच आहे आणि तसं घडतं तेव्हा बोललंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात, कुणालाही इच्छेविरुद्ध आवाज ऐकायला भाग पाडता येत नाही, असं सगळ्यांसाठी सांगितलं आहे; धर्म पाहून नाही. पण दुसऱ्याचा आवाज मोठा आहे म्हणून आपल्या पोराच्या केसपेशी वाचत नाहीत. आणि ज्याच्या हातात स्वतःच्या आवाजाचे आकडे आहेत, त्याला दुसऱ्याच्या आवाजाबद्दल ताठ मानेने बोलता येतं. मुंबईच्या सुमैरा अब्दुलाली आणि त्यांची आवाज फाउंडेशन ही संस्था वर्षानुवर्षं हातात ध्वनिमापक घेऊन सण-उत्सवांचा, फटाक्यांचा आवाज मोजत आली आहे. नुसत्या घोषणेला घोषणेने उत्तर देता येतं, आकड्याला आकडाच द्यावा लागतो.

शेवटी, इथून गेल्यावर करायच्या पाच गोष्टी सांगतो.

एक, मोबाइलवर ध्वनिमापकाचं ॲप घ्या. ते कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, पण ६५ आणि ९० यांतला फरक नक्की दाखवेल. पुढच्या आठवड्यात तुमच्या मशिदीच्या सगळ्यात जवळच्या घराच्या खिडकीत उभं राहून मोजा आणि तो आकडा ट्रस्टींना दाखवा. भांडू नका, फक्त दाखवा.

दोन, जुलूस कमिटीत तुमची ओळख असेल तर एवढंच मान्य करून घ्या की ट्रॉलीवर स्पीकरजवळ लहान मूल बसणार नाही. स्वतः फोमचे इअरप्लग वापरा, केमिस्टकडे स्वस्तात मिळतात.

तीन, इयरफोन लावलेला असताना शेजारचा माणूस साध्या आवाजात बोललेलं अजिबात ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करा.

चार, एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. तेल टाकून वाट पाहू नका. अशा वेळी लवकर उपचार झाला तर कान वाचण्याची शक्यता वाढते.

पाच, घरात बाळ जन्मलं की त्याची ऐकण्याची चाचणी करून घ्या. निरोगी कान स्वतःही अगदी मंद आवाज बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. त्यावरूनच ही चाचणी निघाली. काही मिनिटांचं काम आहे, सुई नाही, दुखत नाही. बाळ दोन-तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही म्हणून झाडफूक करत बसण्यात भाषा शिकण्याची मोलाची वर्षं जातात. मुंबईत वांद्र्याला वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचं नाव दिलेलं आहे. तिथे तपासणी होते, यंत्रं मिळतात, प्रशिक्षण मिळतं. आणि हो, मुलीच्या कानाला यंत्र आहे हे स्थळ पाहायला आलेल्यांपासून लपवू नका. चष्मा लपवतो का आपण?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. रात्री झोपेतही तो जागाच असतो. पंधरा हजार पेशींचं हे भांडवल प्रत्येकाला एकदाच मिळतं. हिंदूला, मुसलमानाला, सगळ्यांना तेवढंच. ते आपलं जपायचं आणि शेजाऱ्याचंही जपायचं, एवढंच मला सांगायचं होतं. आता प्रश्न विचारा. माइक नको, खोली छोटी आहे, ऐकू येईल.